सेशेल्समध्ये बेडूक शोधताना: प्राणी तिथे पोचला कसा, हे आधी पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या जानेवारीत पत्नी आणि अकरा वर्षांच्या मुलीसह आठ दिवस सेशेल्सला जाण्याचे ठरले आहे. गेली काही वर्षे आपण दर पावसाळ्यात आंबोलीला बेडूक पाहायला जाता. सेशेल्सच्या उभयचरांची यादी मात्र आपल्याला इतकी तोकडी वाटली, की समुद्रकिनारा सोडून डोंगरात वेळ घालवण्यात काही अर्थ आहे का, अशी शंका आली. पत्नीला सापांची काळजी आहे आणि मुलीला महाकाय कासव पाहायचे आहे, तेही कुंपणातले नव्हे, मोकळे.

मी गेली वीस-बावीस वर्षे सह्याद्रीत उभयचरांच्या नोंदी करतो आणि त्या ओघात सेशेल्सला तीनदा जाऊन आलो आहे. दोनदा पावसाळी हंगामात, एकदा ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत. तिथे मी राहिलेलो नाही, त्यामुळे स्थानिक वाटाड्याचे म्हणणे आणि माझे म्हणणे यांत फरक पडला तर त्याचे खरे मानावे. डोंगरात जावे का, याचे उत्तर निःसंशय होय असे आहे. परंतु मला आपली खरी अडचण वेगळीच दिसते. आपण आंबोलीची पद्धत आणि आंबोलीची मोजपट्टी दोन्ही सोबत घेऊन निघाला आहात, आणि तिथे या दोन्हींचा उपयोग फार थोडा आहे.

पहिल्या खेपेला मी नेमकी हीच चूक केली. आंबोलीत आपण काय करतो? अंधार पडला की विजेरी घेऊन डबकी, ओहोळ आणि कातळावरचे साचलेले पाणी धुंडाळतो. माहे या मुख्य बेटावर मी सलग तीन रात्री तेच केले. सखल भागातल्या पाणथळीत गवतात बसलेला एक बेडूक भरपूर दिसला, एक झाडबेडूकही दिसला. पण ज्यांच्यासाठी इतका प्रवास केला होता, त्या बेडकांपैकी एकही नजरेस पडला नाही. चौथ्या दिवशी दुपारी, पाऊस थांबल्यावर, डोंगरातल्या पायवाटेवर दम खायला बसलो असताना पायाशीच कीटकासारखी बारीक चिरचिर ऐकू आली. रातकिडा समजून मी तिकडे काही वेळ लक्षच दिले नाही. तो बेडूक होता, आणि ज्या पाण्याभोवती मी तीन रात्री घिरट्या घातल्या, त्या पाण्याची त्याला गरजच नव्हती.

तेव्हापासून त्या बेटांवर कोणताही प्राणी शोधण्यापूर्वी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हा इथे आला कसा? तो जमिनीबरोबरच इथे राहिला, समुद्र ओलांडून आला, की माणसाने आणला? याचे उत्तर मिळाले की तो कुठे, कधी आणि कशाच्या आसऱ्याला सापडेल, हे बरेचसे कळते. बेटे कशी घडली ते म्हणूनच आधी सांगतो.

सेशेल्सची शंभराहून अधिक बेटे मुख्यत्वे दोन जातींची आहेत. दूरवर विखुरलेली पुष्कळशी बेटे प्रवाळांची आणि सपाट आहेत. माहे, प्रास्लिन, ला दीग आणि त्यांच्या आसपासची बेटे मात्र ग्रॅनाइटची आहेत, आणि भर महासागरात ग्रॅनाइट असणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. माहेचा ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. हा जुन्या गोंडवन खंडाचा तुकडा असून तो आधी मादागास्करपासून आणि नंतर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, भारतापासून अलग झाला. त्याच सुमारास आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता. माहेशेजारच्या सिलुएट बेटाचा खडक ग्रॅनाइटपेक्षा पुष्कळ तरुण आहे आणि भूशास्त्रज्ञ त्याचा संबंध त्याच ज्वालामुखी उद्रेकांशी जोडतात. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या माणसाला ही सोयरीक ठाऊक असावी, एवढ्यासाठी हे सांगितले.

आता बेडकांकडे येतो. या बेटांवर सूग्लॉसिडी नावाचे एक कूळ आहे, जे जगात अन्यत्र कुठेही नाही. त्यात चारच जाती आहेत. त्यांचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग आफ्रिकेत किंवा मादागास्करमध्ये सापडत नाहीत. ते आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आहेत. वर्षभर जमिनीखाली राहून पावसाच्या तोंडावर मोजके दिवस बाहेर येणारा, फुगीर अंगाचा आणि टोकदार नाकाचा जांभळा बेडूक आपण छायाचित्रांत पाहिला असेल. २००३ मध्ये केरळातून त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, आणि त्याचे नाते हिंदी महासागरापलीकडच्या या चिमुकल्या बेडकांशी जुळते हे उघड झाले. ‘बेटे तुटली म्हणून हे दोघे वेगळे झाले’ असे मात्र म्हणू नये. जनुकीय अभ्यासांवरून दिसते की ही दोन घराणी जमीन फुटण्याच्या बऱ्याच आधी एकमेकांपासून दुरावली होती. जमीन फुटल्यावर एक घराणे या काठावर राहिले आणि दुसरे त्या काठावर.

म्हणून मी यादीची लांबी मोजण्याच्या विरोधात आहे. आंबोलीत एका रात्रीत पंधरा-वीस जाती दिसल्या, तरी त्यांतल्या कित्येक एकाच घराण्यातल्या भावंडांसारख्या असतात. सेशेल्सच्या उभयचरांची संख्या जेमतेम पंधराच्या घरात आहे, पण त्यांतला बहुतेक प्रत्येक प्राणी फक्त तिथलाच आहे. याद्यांवर फार विसंबू नये याचे आणखीही एक कारण आहे. १९०६ मध्ये एका गोड्या पाण्यातल्या कासवाचे सेशेल्सची खास जात म्हणून वर्णन झाले. पुढे ते कोणालाच सापडेना, तेव्हा ते नामशेष ठरवण्यात आले आणि लुप्त प्राण्यांच्या यादीत वर्षानुवर्षे राहिले. २०१३ मध्ये संग्रहालयातल्या नमुन्याची जनुकीय तपासणी झाल्यावर कळले, की ते पश्चिम आफ्रिकेतले एक सर्वसामान्य कासव आहे आणि नमुन्यांच्या नोंदीत कुठेतरी गफलत झाली होती. जी जात कधी नव्हतीच, तिचे सुतक शंभर वर्षे पाळले गेले!

या चार बेडकांपैकी ज्याची चिरचिर मी ऐकली, तो गार्डिनरचा बेडूक. पूर्ण वाढलेला बेडूक भिजवलेल्या हरभऱ्याच्या दाण्याएवढा, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा असतो. तो पालापाचोळ्यात अंडी घालतो आणि अंड्यातून थेट चिमुकला बेडूकच बाहेर पडतो; बेडूकमाशाची पाण्यातली अवस्था नाहीच. आपल्याकडच्या झुडपी बेडकांमध्ये हा प्रकार आपण पाहिला असेल, त्यामुळे हे चटकन पटेल. त्याहून थोडा मोठा असा सेशेल्स बेडूक आहे. त्याच्या अंड्यांतून बेडूकमासे निघतात, पण तेही पाण्यात जात नाहीत. ते पालकाच्या पाठीवर चढतात आणि आपल्या पोटातल्या बलकावरच वाढून तिथेच बेडूक होतात. तळ्याकाठी उभे राहून यांची वाट पाहणे म्हणजे काय, हे आता लक्षात येईल.

गार्डिनरच्या बेडकाची आणखी एक गंमत मुलीला जरूर सांगावी. त्याला कानाचा पडदा नाही आणि मध्यकर्णही नाही. त्यामुळे तो बहिरा असावा असे बरेच दिवस मानले जाई. परंतु ध्वनिमुद्रित आवाज ऐकवल्यावर नर उत्तर देतात असे दिसून आले, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की त्याच्या तोंडाची पोकळी आवाजाला साथ देऊन घुमते आणि तो कंप तिथून आतल्या कानापर्यंत पोचतो. थोडक्यात, तो तोंडाने ऐकतो. त्याच्या आवाजाच्या वारंवारतेशी ही पोकळी जुळलेली असते.

हे बेडूक शोधण्याची माझी पद्धत अशी आहे. माहेवर मॉर्न सेशेल्वा राष्ट्रीय उद्यानात डोंगरावर चढणाऱ्या पायवाटा आहेत. त्यांपैकी मॉर्न ब्लाँची वाट मला अधिक फळली; कोपोलियाची वाट मुलांना अधिक सोपी आहे. सकाळी लवकर किंवा पावसाची सर ओसरल्याबरोबर, जिथे दाट सावली आणि ओला पाचोळा आहे अशी जागा वाटेच्या कडेलाच निवडावी आणि खाली बसावे. पंधरा मिनिटे काहीही करू नये, फक्त ऐकावे. आवाजाची दिशा कळली की साधारण हातभर लांब-रुंद एवढाच तुकडा नजरेत धरावा आणि पाने न उचलता त्यावरची हालचाल टिपावी. बेडूक दिसायला मला कधी दहा मिनिटे लागली, कधी पाऊण तास, आणि दोनदा तो दिसलाच नाही. वाट सोडून आत शिरू नये, कारण एक सेंटिमीटरच्या प्राण्यावर आपला पाय केव्हा पडला हे आपल्याला कळणारही नाही.

रात्रीची विजेरी अगदीच वाया जात नाही. याच कुळातला सर्वांत मोठा, साडेचार सेंटिमीटरपर्यंत वाढणारा थॉमासेटचा बेडूक रात्री ओल्या ग्रॅनाइटच्या शिळांवर बसलेला आढळतो. मात्र त्या शिळा शेवाळाने निसरड्या असतात आणि जानेवारी हा तिथला सर्वांत पावसाळी महिना असतो. स्थानिक वाटाड्या सोबत असल्याशिवाय, आणि मुलीला घेऊन तर मुळीच, रात्री तिथे चढू नये. चौथी जात सिलुएटवरच सापडते. ती ताडवर्गी झाडांच्या पानांच्या बेचक्यांत राहते आणि २००२ मध्येच तिचे वर्णन झाले. आठ दिवसांच्या सहलीत ती दिसलीच पाहिजे असा हट्ट धरू नये.

ही चारही मंडळी डोंगरातल्या ओल्या जंगलालाच का चिकटून आहेत, याचे कारण त्यांच्या इतिहासात आहे. ती खारे पाणी ओलांडून आलेली नाहीत आणि ओलांडून जाऊही शकत नाहीत. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली, की भोवतीचा उथळ समुद्रतळ उघडा पडून ही बेटे एकमेकांना जोडली जात. म्हणून आज दोन बेटांवर एकच जात दिसते. समुद्र वर आला की जो तो आपापल्या डोंगरावर अडकला. आज त्यांच्यापुढे वर सरकायला जागाही फारशी नाही, कारण माहेचे सर्वोच्च शिखर ९०५ मीटरचे आहे. आपले कळसूबाई सोळाशे मीटरच्या वर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची कोंडी कळते.

ज्या प्राण्यासाठी मी सेशेल्सला पुन्हा गेलो, तो देवगांडूळ. आपल्याकडे पहिल्या पावसात हा दिसला की सापाचे पिल्लू समजून ठेचला जातो. प्रत्यक्षात तो बेडकाच्याच वर्गातला, पाय नसलेला, जमिनीत बिळे करणारा उभयचर आहे. सेशेल्समध्ये त्याच्या आठ-नऊ जाती आहेत आणि २०१७ व २०१८ मध्येही नव्या जातींची भर पडली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, या जाती ज्या कुळात मोडतात, त्याच कुळात आपलेही देवगांडूळ आहेत. खंडाळ्याहून १९६० मध्ये वर्णन झालेला इंडोटिफ्लस, कोयनेच्या परिसरातल्या हुंबरळीचा त्याचा भाऊबंद, आणि ज्या आंबोलीला आपण दर वर्षी जाता तिथूनच २००३ मध्ये वर्णन झालेला जेगेनिओफिस डॅनिएली, हे सारे त्याच कुळातले आहेत. आंबोलीच्या या देवगांडुळाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जे. सी. डॅनिएल यांचे नाव दिलेले आहे. आपण तो आंबोलीत पाहिला नसेल, तर सेशेल्सहून परतल्यावर पुढच्या पावसाळ्यात त्याच्यासाठी एक दिवस ठेवावा.

सेशेल्समध्ये देवगांडूळ शोधणे बेडकापेक्षा सोपे आहे. ओढ्याजवळची भुसभुशीत जमीन, कुजलेले ओंडके आणि नारळाच्या पडलेल्या झावळ्या यांच्या खाली तो असतो. त्यांतली एक जात तर सखल भागातल्या बागांमध्येही सापडते, त्यामुळे आपल्या मुक्कामाच्या मालकाला विचारून बागेतला ओंडका उचलून पाहता येईल. ओंडका आपल्याकडे ओढत उचलावा, म्हणजे खालचे जे काही असेल त्याला पळायला विरुद्ध दिशा मोकळी राहते; आणि पाहून झाल्यावर तो होता तसाच, त्याच खोबणीत परत ठेवावा. उलटून टाकलेला ओंडका दोन दिवसांत वाळतो आणि त्याखालचे घर संपते. राष्ट्रीय उद्यानाच्या आत मात्र काहीही उचलू नये किंवा हलवू नये. तिथे हाताळणी करायची तर संशोधनाचा सरकारी परवाना लागतो.

समुद्र ओलांडून आलेल्यांमध्ये पहिला झाडबेडूक. त्याचे जवळचे नातलग मादागास्करमध्ये आहेत. बेडकाची कातडी खाऱ्या पाण्यात टिकत नाही, तेव्हा पुरात वाहून समुद्रात गेलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावर बसूनच त्याचे पूर्वज इतके दूर आले असावेत. याला अंडी घालायला पाणी लागते, त्यामुळे इथे आंबोलीची पद्धत तंतोतंत चालते: रात्र, विजेरी, पाणथळ आणि संयम. मादी बरीच मोठी आणि अनेकदा हिरवीगार असते, तर नर तपकिरी असतो. दोन जाती समजून फसू नये. पाणथळीच्या गवतात जो दुसरा बेडूक मुबलक दिसेल, तो मादागास्कर आणि मस्करेन बेटांवर आढळणाऱ्या गवती बेडकांपैकी आहे.

सरीसृपांची कथा अधिक सोपी आणि, खरे सांगायचे तर, कुटुंबासह जाणाऱ्यासाठी अधिक आनंदाची आहे. त्यांच्या अंगावर खवले आणि अंड्यांवर कवच असल्याने समुद्रप्रवास त्यांना बेडकांहून सुसह्य होतो. प्रास्लिनवरच्या व्हाले द मे या जागतिक वारसा स्थळी सकाळी जावे. दर्यानारळाचे हे जंगल आहे. त्याच्या नर झाडाच्या लांबलचक फुलोऱ्यावर मध चाटणाऱ्या हिरव्यागार पाली भर दिवसा दिसतात. आपल्या घरातली पाल रात्री दिव्याखाली येते, ही मात्र उन्हातली आहे. त्याच जंगलात ब्राँझ रंगाची मोठी पालही आहे, पण ती उंच झाडांवर असते आणि तिच्यासाठी मान दुखेपर्यंत वर पाहावे लागते. सेशेल्सचा शॅमेलिऑन सरडा माहे, प्रास्लिन आणि सिलुएटवर आहे. दिवसा तो झाडीत इतका बेमालूम मिसळतो, की मला तीन खेपांत एकदाच दिसला. रात्री फांदीच्या टोकाला झोपलेला असताना विजेरीच्या उजेडात तो फिकट दिसतो, तेव्हाच शक्यता अधिक. त्याचे नाते मादागास्करच्या शॅमेलिऑनांपेक्षा आफ्रिकेतल्या एका ठेंगण्या गटाशी अधिक जवळचे निघाले, ही अगदी अलीकडे कळलेली गोष्ट आहे.

एक दिवस मात्र कुझँ बेटासाठी राखून ठेवावा. माझ्या मते, सरीसृप पाहणाऱ्यासाठी तो आठ दिवसांतला सर्वांत चांगला दिवस ठरेल. हे लहानसे बेट १९६८ मध्ये पक्षिसंरक्षणासाठी विकत घेतले गेले. त्याआधी तिथे नारळाची लागवड होती. आज तिथे समुद्रपक्ष्यांची दाटी आहे, आणि पक्ष्यांमुळे सापसुरळ्यांची. दोहोंचा संबंध थेट आहे: पक्षी पिलांना भरवताना मासे सांडतात, घरट्यांतली अंडी फुटतात किंवा खाली पडतात, आणि सापसुरळ्या ते खातात. राइटची सापसुरळी नावाची धष्टपुष्ट जात तर अशा मोजक्या पक्षीबेटांवरच टिकून आहे; जिथे उंदीर पोचले तिथून पक्षीही गेले आणि तीही गेली. बेटावर उंदीर चढू नये म्हणून पाहुण्यांची होडी दूरच थांबवतात आणि बेटावरच्या स्वतःच्या होडीतून माणसांना किनाऱ्यावर उतरवतात. त्यात कपडे भिजतात, कॅमेरा जपावा.

कुझँवर जानेवारीत आणखी एक योग संभवतो. आपण वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्रात जाताना पाहिली असतील. ती कासवे अंडी घालायला मात्र बहुधा रात्री येतात. सेशेल्समध्ये हॉक्सबिल जातीची मादी भर दिवसा वाळूवर चढते, आणि तिचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी असतो. या कासवाच्या कवचापासून फण्या आणि शोभेच्या वस्तू बनत, त्यासाठी त्याची बेसुमार शिकार झाली. १९९४ मध्ये सेशेल्सने सर्व समुद्री कासवांना कायद्याने संरक्षण दिले. मादी दिसली तर तिच्या मागच्या बाजूला, दूर आणि खाली बसून राहावे. खड्डा खणण्यापूर्वी तिने माणूस पाहिला तर ती परत फिरते.

आता पत्नीच्या काळजीविषयी. सेशेल्सच्या जमिनीवर माणसाला धोकादायक असा एकही विषारी साप नाही. तिथले खास असे दोनच साप आहेत आणि दोन्ही निरुपद्रवी आहेत. तिसरा साप आपल्या ओळखीचा आहे: कुंडीच्या मातीत सापडणारा वाळा. त्याच्या सर्व माद्याच असतात आणि नराशिवाय त्या अंडी घालतात, त्यामुळे रोपाच्या मातीतून एक जरी गेला तरी वस्ती उभी राहते. असाच तो माणसाबरोबर जगभर पसरला. फुरसे आणि मण्यार यांच्या प्रदेशात रात्री फिरणाऱ्या कुटुंबाला सेशेल्समध्ये सापांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. एकेकाळी या बेटांच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी पुष्कळ होत्या, पण वसाहतीच्या पहिल्या काही दशकांतच त्या मारून संपवण्यात आल्या.

मुलीच्या कासवाबद्दल थोडे स्पष्ट बोलावे लागेल. ग्रॅनाइटच्या बेटांवरची मूळ महाकाय कासवे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत खलाशांनी आणि वसाहतकारांनी खाऊन संपवली. ती महिनोन्महिने अन्नपाण्याशिवाय जहाजाच्या तळात जिवंत राहत, हाच त्यांचा घात ठरला. आज मुख्य बेटांवर जी दिसतात, ती जवळपास सारी अल्डाब्राहून आणलेली किंवा त्यांची संतती आहे. अल्डाब्रा हे प्रवाळबेट माहेपासून सुमारे ११०० किलोमीटरवर आहे. तिथे आजही लाखभर कासवे मोकळी फिरतात, पण पर्यटकांसाठी मुक्कामाची सोय नाही. १८७४ मध्ये डार्विनसह काही शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहून या कासवांच्या रक्षणाची विनंती केली होती, आणि १९८२ मध्ये अल्डाब्रा जागतिक वारसा स्थळ झाले. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात २००६ मध्ये मरण पावलेला ‘अद्वैत’ याच जातीचा होता.

मुलीला मोकळी फिरणारी कासवे पाहायची असतील तर प्रास्लिनवरून होडीने क्युरियूझला न्यावे. १९७८ ते १९८२ या काळात अल्डाब्राहून तिथे कासवे आणून सोडली गेली, आणि ती बेटावर आपल्या मर्जीने हिंडतात. ‘आणलेली’ म्हणजे खरी नव्हेत असे तिला वाटले, तर एक गोष्ट सांगावी. २००४ च्या डिसेंबरमध्ये टांझानियाच्या किनाऱ्यावर एक अल्डाब्रा कासव समुद्रातून चालत वर आले. त्याच्या पायांवर आणि कवचाच्या खालच्या भागावर बार्नेकल नावाचे समुद्री कवचधारी जीव चिकटून वाढलेले होते, म्हणजे ते अनेक आठवडे पाण्यावर तरंगत आले होते. मूळ पूर्वज मादागास्करहून असेच पोचले असणार. कासवाच्या मानेखाली हळुवार खाजवले तर ते पाय ताठ करून मान लांबवते आणि स्वस्थ उभे राहते. वाटाड्याने परवानगी दिली तरच हे करावे, आणि पाठीवर बसण्याची हौस तिथे कोणीही भागवू नये.

आठ दिवसांची वाटणी मी अशी करीन: माहेवर चार रात्री आणि प्रास्लिनवर तीन. माहेवर दोन सकाळी डोंगरवाटेवर बसून ऐकण्यासाठी, एक रात्र वाटाड्यासह शिळांवर आणि एक रात्र सखल पाणथळीत. प्रास्लिनवर व्हाले द मे, कुझँ आणि क्युरियूझ यांसाठी एकेक दिवस. समुद्र खवळलेला असेल तर होडी रद्द होते, म्हणून कुझँचा बेत प्रास्लिनला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवावा, म्हणजे बदलायला वाव राहतो. जानेवारीत पाऊस दोन-दोन दिवस लागून राहू शकतो. बेडकांना तो हवा असतो, आपल्या पत्नीला कदाचित नसेल, तेव्हा ही गोष्ट आधीच घरी बोलून घ्यावी. ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा हवा सुरेख होती, पण डोंगरात अनेकदा शांतता होती.

शेवटी बुटांविषयी, आणि हे मी आग्रहाने सांगतो. जगभर बेडकांचा संहार करणारी कायट्रिड नावाची बुरशी पश्चिम घाटात आढळली आहे. सेशेल्सच्या उभयचरांची तपासणी होऊन २०१५ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत मात्र ती सापडली नाही. जिथे चार जातींचे एक आख्खे कूळ दोन-तीन डोंगरांवर उरले आहे, तिथे ती नेणारे आपण नसावे. ज्या बुटांनी आंबोलीचा चिखल तुडवला आहे ते शक्यतो नेऊच नयेत. न्यावेच लागले तर ब्रशने तळव्याच्या खाचांतली माती पूर्ण काढून साबणाने धुवावेत, जंतुनाशकात बुडवावेत आणि निघण्यापूर्वी कमीत कमी आठवडाभर कडक उन्हात वाळवावेत. ही बुरशी ओलीत जगते आणि पूर्ण वाळल्यावर मरते, म्हणून ओले बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बॅगेत भरणे ही सर्वांत वाईट गोष्ट ठरेल. छत्रीचे टोक, कॅमेऱ्याची तिवई आणि मुलीच्या सॅकचा तळ यांनाही हाच नियम लागू आहे. आणि बेडकाला हात लावू नये. अंगावर डासांचे मलम किंवा उन्हाचे क्रीम चोळलेले असेल, तर त्या हाताचा स्पर्श एक सेंटिमीटरच्या ओल्या कातडीला झेपत नाही.